किती दूर, किती वेळ?

काही वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट आहे. जबलपुरात आमच्या शेजारी एक वृद्ध वकील राहत असत. सारी गल्ली त्यांना वकीलसाहेब म्हणत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले, आणि त्याच सुमारास त्यांचे वडील नागपूरचा संसार आवरून नर्मदेकाठी येऊन राहिले. नागपूर सुटले तरी घरातली मराठी सुटली नाही, आणि दिवाळीला नागपूरला जाण्याची रीतही सुटली नाही. त्या घराचे ‘दूर’ म्हणजे नागपूर. पुढे वकीलसाहेबांचा एकुलता मुलगा अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला लागला आणि त्या घराच्या ‘दूर’ ह्या शब्दाचा अर्थच बदलून गेला.

एका सोमवारी पहाटे वकीलसाहेब गेले. मुलाशी बोलणे झाले तेव्हा इकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि तिकडे रविवारचे रात्रीचे नऊ. “मी निघतो,” एवढेच तो बोलला. घरात जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींपुढे आता एकच प्रश्न होता. थांबायचे, पण किती? उन्हाळ्याचे दिवस, घरात वयस्क माणसे. कोणा भाच्याने खिशातला फोन काढला, जबलपूर आणि सॅन फ्रान्सिस्को अशी दोन नावे त्यात घातली आणि उत्तर मोठ्याने वाचून दाखविले : अंतर १२,८६० किलोमीटर, विमानाचा वेळ १४ तास १७ मिनिटे. मंडळींना हायसे वाटले. म्हणजे रात्री बारापर्यंत येईल. उशीर झालाच तर पहाटे. सगळ्यांच्या सोयीने मंगळवारी सकाळी नऊला ग्वारीघाटावर जायचे ठरले.

मी तेथेच बसलो होतो. माझे आयुष्य भूगोल शिकविण्यात गेलेले, म्हणून कोणीतरी माझ्याकडे वळून विचारले, “का हो, आकडा बरोबर आहे ना?” मी मनाशी थोडा हिशेब केला. आकडा बरोबर होता. मी मान डोलावली.

मुलगा मंगळवारी रात्री सव्वाआठ वाजता घरी पोचला. तोवर सारे आटोपले होते. अग्नी पुतण्याने दिला होता.

आकडा बरोबर असूनही असे का झाले, हे आज आपणांस सांगावे असे मनात आहे. कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. पुणे, नागपूर, कोल्हापूर, इंदूर, बडोदे, जेथे जेथे मराठी माणूस आहे तेथे तेथे कोणाचे ना कोणाचे मूल समुद्रापलीकडे आहे. आणि ‘तो किती दूर आहे’ हे विचारण्याची वेळ कधी येईल ते सांगता येत नाही.

प्रथम अंतराकडे वळू. पृथ्वीवरची दोन ठिकाणे एकमेकांपासून किती दूर आहेत, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवून पाहा. त्यावर जबलपूर आणि सॅन फ्रान्सिस्को ह्यांच्यामध्ये पट्टी ठेवून पूर्वेकडे रेघ ओढली, तर ती चीन आणि जपान ओलांडून सबंध पॅसिफिक महासागर पार करते. ही वाट सरळ दिसते, आणि तिची लांबी भरते सुमारे १५,१०० किलोमीटर. मग १२,८६० हा आकडा आला कोठून? सरळ रेघेपेक्षा आखूड वाट असू शकते काय?

असू शकते, कारण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे. एक नागपुरी संत्रे हातात घ्या. देठाकडची बाजू हा उत्तर ध्रुव समजा. आता संत्र्याच्या वरच्या अर्ध्या भागावर, एकमेकींच्या जवळजवळ समोरासमोर येतील अशा दोन टाचण्या टोचा आणि त्यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरा. दोरा संत्र्याच्या पोटावरून वळसा घालून जाणार नाही. तो घसरत घसरत देठाकडे सरकेल आणि तेथून पलीकडे उतरेल. ताणलेला दोरा खोटे बोलत नाही. गोलावरची सर्वांत जवळची वाट तीच. अशी वाट पुढे वाढवीत नेली तर ती गोलाचे दोन समान भाग करणारे वर्तुळ होते. त्याला बृहद्वृत्त म्हणतात. जबलपूर उत्तर अक्षांश २३ वर आहे, सॅन फ्रान्सिस्को उत्तर अक्षांश ३८ च्या जवळ. आणि रेखांशांच्या हिशेबाने दोन्ही ठिकाणे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत. म्हणून त्यांच्यामधला दोरा उत्तरेकडे सरकतो. जबलपूरहून तो ईशान्येच्याही उत्तरेला झुकून निघतो, नेपाळ आणि तिबेट ओलांडतो, मंगोलियाच्या पश्चिम कडेवरून सैबेरियात शिरतो, उत्तर ध्रुव महासागराच्या काठाकाठाने ७२ अक्षांशापर्यंत चढतो, आणि अलास्कावरून खाली उतरत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला येतो. उष्ण कटिबंधातल्या गावाहून निघालेली वाट बर्फावरून जाते, आणि तीच जवळची असते. भिंतीवरच्या नकाशाने दाखविलेल्या वाटेहून ती सव्वादोन हजार किलोमीटरांनी आखूड आहे.

ह्यात नकाशाकाराचा अपराध नाही. मर्केटरने १५६९ साली हा नकाशा काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून जहाज हाकता यावे, ही त्याची इच्छा. ती त्याने पुरी केली. दिशा सांभाळताना अंतर बिघडले, एवढेच. गोल वस्तू सपाट कागदावर पसरताना काहीतरी सोडावेच लागते.

हे अंतर मोजण्याच्या शास्त्राचा आपल्या मातीशी जुना संबंध आहे. विल्यम लॅम्बटन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासेजवळ जमिनीवर साखळ्या टाकून एक पायारेषा मोजली आणि तिच्या आधाराने त्रिकोणांमागून त्रिकोण रचीत भारताच्या कण्यावरून उत्तरेकडे मोजणी नेण्यास आरंभ केला. त्याची मुख्य रेषा ७८ रेखांशाच्या आसपास, म्हणजे जबलपूरच्या पश्चिमेस दोन अंशांवरून जाते. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, हे त्याला पाहायचे होते. वीस वर्षे हे काम करीत तो वऱ्हाड-नागपूरच्या मुलखापर्यंत आला, आणि २० जानेवारी १८२३ रोजी आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले. अशा मोजण्यांनी हे पक्के झाले की पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्ताकडे तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाकडे ६,३५७. म्हणूनच दोन ठिकाणी पाहिलेले अंतर कधी कधी थोड्या किलोमीटरांनी वेगळे दिसते. एकाने पृथ्वी पूर्ण गोल धरलेली असते, दुसऱ्याने चपटी. दोघेही आपापल्या परीने खरे.

म्हणजे भाच्याने वाचलेला अंतराचा आकडा पक्का होता. आता त्याने वाचलेल्या वेळेकडे पाहू. ती कोठून आली? ती केवळ एका भागाकारातून आली. मोठे प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर जाते. १२,८६० ला ९०० ने भागा, १४ तास १७ मिनिटे येतात. ह्या भागाकाराने मनात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत : विमान ताणलेल्या दोऱ्यावरूनच जाईल, हवा स्थिर असेल, आणि जबलपूरहून उडालेले विमान थेट सॅन फ्रान्सिस्कोला उतरेल. तीन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. त्या क्रमाने पाहू.

विमान दोऱ्यावरून का जात नाही? पहिले कारण जमिनीचे. प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते, तेथे श्वास घेण्याजोगी हवा नसते. म्हणून आतल्या हवेचा दाब यंत्राने राखलेला असतो. तो दाब अकस्मात गेला तर वैमानिकाला काही मिनिटांत सुमारे तीन हजार मीटरांपर्यंत खाली यावे लागते. प्रवाशांच्या तोंडावर येणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडा वेळच पुरतो. पण तिबेटचे पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. खाली यायला तेथे जागाच नाही. म्हणून बहुतेक विमाने तिबेटला बगल देऊन जातात. दुसरे कारण सावधगिरीचे. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर ठरावीक वेळात उतरता येईल असा एखादा विमानतळ आवाक्यात असला पाहिजे, असा नियम आहे. ओसाड बर्फावरून जाताना ह्या नियमाचा विचार करूनच वाट आखावी लागते.

तिसरे कारण माणसांचे आहे. आकाशाला कुंपण दिसत नसले तरी ते असते. प्रत्येक देशाच्या डोक्यावरचे आकाश त्या देशाचे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले. ते १६ जुलै २०१९ रोजी उघडले, तोवर दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी विमाने दक्षिणेकडून वळसा घालीत होती. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना तो रस्ता पुन्हा बंद झाला. २०२२ साली युक्रेनच्या युद्धानंतर रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना सैबेरियाचे आकाश नाकारले. अशा वेळी दोन शहरांमधले अंतर एका मीटरनेही वाढत नाही, आणि तरी प्रवास तासा-दोन तासांनी वाढतो. दोन गावांच्या मधल्या शेताचा मालक रुसला की पायवाट बांधावरून वळवावी लागते, त्यातलाच हा प्रकार.

आता हवेकडे वळू. भेडाघाटला नावेत बसलेल्यांनी पाहिले असेल, संगमरवरी कड्यांमधून प्रवाहाबरोबर नाव सोडली की नावाडी वल्हे नुसते धरून बसतो. परतताना मात्र तोच नावाडी घामाने निथळतो. घाट तोच, पाणी तेच, अंतर तेच. वेळ वेगळा. आकाशातही अशा नद्या आहेत. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पृथ्वीला वेढा घालून, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद आणि वेगवान झोत वाहत असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरांच्याही पलीकडे जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी ह्याने १९२० नंतरच्या काळात फुगे सोडून हे वारे मोजले आणि आपला अहवाल सगळ्या जगाने वाचावा म्हणून एस्पेरांतो ह्या नव्याने घडविलेल्या भाषेत छापला. तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन विमानांना ह्या वाऱ्यांची गाठ पडली, तेव्हा जगाला त्यांची खरी ओळख पटली.

ह्या वाऱ्याचा हिशेब मोठा चमत्कारिक आहे. समजा, १२,००० किलोमीटरांचा प्रवास आहे आणि विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर. वारा नसेल तर १३ तास २० मिनिटे लागतील. आता ताशी १०० किलोमीटरांचा वारा समोरून आला तर वेग ८०० राहील आणि १५ तास लागतील; तोच पाठीमागून आला तर वेग १,००० होईल आणि १२ तास पुरतील. जाताना आणि येताना ह्यांत तीन तासांचा फरक पडला. शिवाय जाण्यायेण्याची बेरीज केली तर ती वारा नसतानाच्या बेरजेपेक्षा वीस मिनिटांनी अधिकच भरते. वारा जेवढे घेतो तेवढे परत देत नाही.

ह्याचे एक नामी उदाहरण आपल्याच देशातले आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान सुरू केले. ते प्रथम पश्चिमेकडून, युरोप आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाई. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच विमानाला पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी लांबची. आणि तरी विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पोचले, कारण ह्या वाटेने वारा पाठीशी होता. लांबची वाट आधी पोचली! पुढे, जानेवारी २०२१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला येणारे विमान कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणले. त्या विमानाचे चारही वैमानिक स्त्रिया होत्या. सुमारे १४,००० किलोमीटरांचा तो प्रवास ताणलेल्या दोऱ्याच्या पुष्कळ जवळ जाणारा होता. कोणत्या दिवशी कोणती वाट घ्यायची, हे त्या दिवसाचे वारे, उघडी-मिटलेली आकाशे आणि विमानात किती इंधन घालावे लागेल ते पाहून ठरते. म्हणून वेळापत्रकात छापलेला वेळ हा भागाकाराने काढीत नाहीत. विमान एका तळावरच्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या तळावरच्या जागेवर थांबेपर्यंतचा, पूर्वीच्या उड्डाणांच्या अनुभवाने बेतलेला तो वेळ असतो. उन्हाळ्यात तो एक असतो, हिवाळ्यात दुसरा.

आता राहिली तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. जबलपूरच्या डुमना विमानतळाची नवी इमारत १० मार्च २०२४ रोजी सुरू झाली. त्याच समारंभात पुणे आणि कोल्हापूर येथील नव्या इमारतींचेही उद्घाटन झाले. पण डुमन्याहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान नाही. तेथून निघणाऱ्याने दिल्ली किंवा मुंबई गाठली पाहिजे. ह्यात अंतराचा तोटा होतो म्हणावे, तर दिल्लीच्या वाटेने तो फारच थोडा आहे. जबलपूर ते दिल्ली ६७० किलोमीटर, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को १२,३८० किलोमीटर, बेरीज १३,०५०. थेट दोऱ्यापेक्षा अवघी दोनशे किलोमीटर जास्त. मुंबईच्या वाटेने मात्र दीड हजार किलोमीटरांची भर पडते. दोनशे किलोमीटर म्हणजे विमानाची पंधरा मिनिटे. मग तोटा कशाचा? तोटा सांध्याचा आहे. एका गाडीतून उतरून दुसरी धरायची, त्यामध्ये जो वेळ जातो तो कोणत्याही अंतराच्या कोष्टकात बसत नाही.

आणि प्रवासातल्या सांध्याची गोष्ट जबलपूरने कोणाकडून शिकावी? अलाहाबादेहून येणारा ईस्ट इंडियन कंपनीचा लोहमार्ग १८६७ साली जबलपूरला पोचला होता. मुंबईहून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मार्ग सातपुड्याच्या बाजूने यायचा राहिला होता. मार्च १८७० मध्ये तो आला, दोन्ही मार्ग जबलपुरात जोडले गेले, आणि मुंबईहून कलकत्त्यापर्यंत आगगाडीने जाता येऊ लागले. आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता. ह्या दोन सांध्यांनी जग लहान केले, आणि ज्यूल व्हर्न ह्या फ्रेंच लेखकाने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा घालणाऱ्या फिलिअस फॉगची कादंबरी लिहिली. त्यात वर्तमानपत्रातल्या कोष्टकाप्रमाणे मुंबई ते कलकत्ता तीन दिवस धरलेले असतात. प्रत्यक्षात मध्येच एका खेड्यापाशी रूळ संपतात, गाडी थांबते आणि फॉगसाहेबांना भलत्या किमतीला हत्ती विकत घेऊन पुढे जावे लागते. व्हर्नने कथेत ठेवलेली ती तूट खऱ्या लोहमार्गावर तोवर भरून निघाली होती. पण त्याने सांगितलेली गोष्ट आजही खरी आहे. कोष्टक रुळांचे अंतर सांगते. रूळ कोठे तुटले आहेत ते सांगत नाही.

आता वकीलसाहेबांच्या मुलाचा प्रवास आपण घड्याळ लावून पाहू. त्याने मागाहून मला सांगितला तो असा. निरोप मिळाला तेव्हा आपल्याकडे सोमवारचे सकाळचे साडेनऊ होते. तिकडे रात्र. रात्री निघणारे, लवकर पोचविणारे विमान मिळेना. जागा मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या थेट दिल्लीच्या विमानात. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेदहा. भाच्याच्या कोष्टकातले चौदा तास संपत आले, आणि मुलाचे विमान अजून जमिनीवरच होते. तेथून सोळा तासांनी, मंगळवारी दुपारी अडीचला, तो दिल्लीला उतरला. पारपत्राची रांग, सामान, एका इमारतीतून दुसरीकडे जाणे, पुन्हा तपासणी. जबलपूरचे विमान पावणेसहाला सुटले आणि सव्वासातच्या पुढे डुमन्याला आले. तेथून घर. एकूण पावणेपस्तीस तास. त्यांतले आकाशातले सुमारे साडेसतरा. उरलेले सव्वासतरा जमिनीवरचे. आणि हे सारे जमून आले म्हणून. दिल्लीचे ते शेवटचे विमान चुकले असते तर रात्रीची आगगाडी धरून तो बुधवारी सकाळी पोचला असता.

त्यातून घड्याळांचा घोळ वेगळाच. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. जबलपूर आणि सॅन फ्रान्सिस्को ह्यांच्या रेखांशांत २०२ अंशांचे अंतर आहे. त्याचे साडेतेरा तास होतात. हिवाळ्यात दोन्ही ठिकाणच्या घड्याळांतही नेमका एवढाच फरक असतो. उन्हाळ्यात अमेरिकेतली घड्याळे एक तास पुढे करतात, म्हणून तो साडेबारा तासांवर येतो. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशावरून धरतात, त्यामुळे जबलपूरचा सूर्यसुद्धा आपल्या घड्याळापेक्षा दहा मिनिटे उशिराच डोक्यावर येतो. पण दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. साडेबारा तासांनी बिघडते. मुलाच्या तिकिटावर ‘सोमवार सकाळ दहा’ आणि ‘मंगळवार दुपार अडीच’ असे लिहिलेले होते. वरवर पाहणाऱ्याला हा साडेअठ्ठावीस तासांचा प्रवास वाटेल. उलट, दिल्लीहून पहाटे चारला निघून पंधरा तास उडालेला प्रवासी सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरतो. घड्याळ पाहिले तर अडीच तासांतच पोचलेला! म्हणून दोन गावांच्या घड्याळांची वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढू नये, आणि फोनवर बोलताना ‘उद्या दुपारी’ असे कोणी म्हणाले तर ‘कोणाच्या उद्या?’ हे विचारून घ्यावे.

एवढे सगळे ऐकल्यावर आपण म्हणाल, की मग करायचे काय? करायचे ते फार सोपे आहे. अडचणीच्या वेळी अंतर विचारू नये. तीन गोष्टी विचाराव्या. निघणाऱ्याला पहिली जागा कोणत्या विमानात मिळाली आहे? तो कोठे उतरून दुसरे विमान धरणार आहे, आणि तेथे त्याच्या हाती किती वेळ आहे? आणि आपल्या घड्याळाप्रमाणे, आपल्या वाराने आणि तारखेने, तो घराच्या दारात केव्हा येईल? ही तीन उत्तरे आल्यावर त्यांत आणखी चार-पाच तास उशिराचे धरावेत, आणि मग वडीलधाऱ्यांनी थांबायचे की नाही ते ठरवावे. थांबणे शक्य नसेल तर तसे त्या निघालेल्या माणसाला विमानात बसण्यापूर्वीच सांगावे. सोळा तास आकाशात बसून ‘मी वेळेवर पोचतो आहे’ असे वाटत राहणे, आणि उतरल्यावर पोचलो नव्हतोच असे कळणे, ह्याहून ते पुष्कळ सोसवते.

त्या मंगळवारी रात्री तो मुलगा जेवला नाही. मला म्हणाला, “काका, घाटावर येता का?” आम्ही ग्वारीघाटावर गेलो. आरती केव्हाच होऊन गेली होती. पायऱ्यांवर चार माणसे बसली होती आणि पाण्यावर दोन-तीन दिवे अजून तरंगत होते. तो खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसला. एकदाच त्याने विचारले, “सकाळी नऊ कोणी ठरवले?” मी म्हणालो, “सगळ्यांनी.” ते खरे होते, आणि पुरते खरे नव्हते.

तेराव्यानंतर वहिनी एकदा अंगणात भेटल्या. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हाला विचारले होते ना हो त्या दिवशी?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला विचारले होते हे खरेच आहे. मला अंतर विचारले आणि मी अंतर तपासून दिले. त्या घराला वेळ हवा होता, हे भूगोलाच्या जुन्या मास्तराच्या ध्यानात आले नाही. आपणांपैकी कोणावर अशी मान डोलाविण्याची पाळी आली, तर ती डोलाविण्यापूर्वी समोरच्याला नेमके काय हवे आहे ते विचारून घ्यावे, एवढ्यासाठी ही हकीकत सांगितली.